अप्पासाहेबांच्या वर्षश्राद्धाची हिंदी पत्रिका

आपल्याला हिंदी उत्तम येते असे ज्या मराठी माणसाला वाटते, त्याने इंदुरात खुशाल राहावे, पण पत्रिका लिहू नये. हे मी आज शांतपणे सांगू शकतो. त्या पौषातल्या बुधवारी, निम्म्या गालाला साबण लावून मी दारात उभा होतो आणि समोरून बैलगाड्या येत होत्या, तेव्हा मला हे कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

आमचे मोठे काका अप्पासाहेब एकावन्न सालच्या माघात गेले. बर्तन बाजारात त्यांचे दुकान होते, पण विक्रीचे नव्हे. ते लग्नामुंजीला मोठी भांडी भाड्याने देत. चार माणसांनी उचलायची पातेली, दीड हात लांबीच्या पळ्या, कढया, पराती, सगळे काही. इंदूर, बेटमा, सांवेर, जिथे कुठे शंभर पानांच्या वर पंगत बसे तिथे आमची भांडी जात आणि भांड्यांबरोबर अप्पासाहेबही जात. भांडी पोचवून माणसाने घरी यावे अशी जगाची रीत आहे. अप्पासाहेब मात्र शेवटची पंगत उठेपर्यंत तिथेच असत. त्यामुळे गावातली सगळी लग्ने त्यांनी पाहिली आणि घरचे सण बहुधा आम्ही त्यांच्याशिवाय केले.

घरी असले की ते दिवसातून तीन वाक्ये बोलत. एक आंघोळीच्या पाण्याबद्दल, एक दुकानाच्या किल्ल्यांबद्दल, आणि तिसरे रोज बदलत असे.

ते गेले तेव्हा बाजारातली माणसे तेरा दिवस येऊन बसून गेली, पण दुखवट्याला येणारा माणूस बोलत नाही, मान हलवतो. मार्गशीर्षात एक दिवस काकूंनी, म्हणजे द्वारकाबाईंनी, मला बोलावून सांगितले, "शाम, वर्षश्राद्धाला त्यांची बाजारातली माणसं बोलाव. हलवाई, शेठ, ज्यांच्या लग्नांत हे राबले ते सगळे. मला ऐकायचं आहे, हे बाहेर कसे होते. चाळीस वर्षं संसार झाला, पण मला अर्धाच माणूस माहीत आहे रे."

मग म्हणाल्या, "येतील ना? आता तंबूबरोबर भांडीही भाड्यानं देणारं ते तंबूवाल्याचं दुकान निघालंय. लोक विसरलेही असतील."

मी म्हणालो, "काकू, सगळं माझ्यावर सोडा." हे वाक्य मी आयुष्यात चार वेळा उच्चारले आहे, आणि चारही वेळा ऐकणाऱ्याने ते खरे मानले.

काकूंचा मुलगा हरी दुकान पाहतो. तो बापासारखाच, किंबहुना वाक्ये दोनच. "तूच कर. तुला लिहिता येतं," असे म्हणून तो भांड्यांकडे वळला. यात एक वाक्य कौतुकाचे होते असे मी धरून चाललो. मी मध्यभारत सरकारच्या एका कचेरीत कारकून होतो, आणि सरकारने कारभार हिंदीत आणल्यावर खात्याच्या हिंदी परीक्षेत आमच्या खोलीतून पहिला आलो होतो. खोलीत आम्ही तिघे होतो, हा तपशील मी सहसा सांगत नाही.

पहिली अडचण साखरेची. त्या दिवसांत साखर परमिटावर मिळे, आणि मोठी पंगत घालायची तर अर्ज करावा लागे. मी अर्ज आणायला गेलो तर छापील फॉर्म एकच होता, आणि तो लग्नाचा. 'वर का नाम', 'वधू का नाम', 'विवाह की तिथि'. मी खिडकीतल्या बाबूला म्हणालो, "साहेब, हमारे यहाँ श्राद्ध है."

तो म्हणाला, "तो इसी में भर दो. खाना तो दोनों में होता है."

"पण वर कोण लिहू?"

"जिसके नाम से कार्यक्रम है."

कारकुनाने कारकुनाशी वाद घालू नये असा माझा नियम आहे. मी 'वर'समोर अप्पासाहेबांचे नाव लिहिले आणि 'वधू'समोर रेघ ओढली. आठ दिवसांनी अर्ज परत आला, 'वधू का नाम अपूर्ण' असा शेरा घेऊन. मी पुन्हा गेलो, तर साहेब नव्हते. हिवाळ्यात आमची राजधानी ग्वाल्हेरला जाई आणि उन्हाळ्यात इंदुरात येई. साहेब राजधानीबरोबर गेले होते आणि सहीचा अधिकार साहेबांबरोबर गेला होता. मग मी वधूसमोर 'द्वारकाबाई' असे लिहून दिले, जे काही खोटे नव्हते, आणि अर्ज ग्वाल्हेरला रवाना झाला.

दरम्यान पत्रिका. सरकारी कामाचा अनुभव असल्यामुळे मी सगळे दोन महिने आधी करायचे ठरवले. तिथी होती माघ वद्य पंचमी. मराठी पत्रिका तासाभरात झाली. हिंदी पत्रिकेला मात्र पाच संध्याकाळी लागल्या, कारण शेजारी रिसालदार उदयसिंहराव मदतीला आले.

उदयसिंहराव होळकरांच्या रिसाल्यातून निवृत्त झाले होते. संस्थान गेले, घोडा गेला, आता त्यांच्या हुकमतीखाली फक्त आमचे घर उरले होते. मराठी पत्रिकेतला 'कै.' पाहून ते म्हणाले, "कैलासवासी कसं? अप्पासाहेब पक्के वैष्णव. कैलासात ते काय करणार? वैकुंठवासी लिहा." मी लिहिले. मग हिंदी मजकूर पाहून म्हणाले, "इथे स्वर्गीय?"

"हिंदीत तसंच लिहितात."

"म्हणजे मराठी माणसांना सांगायचं वैकुंठात आहेत आणि हिंदी माणसांना सांगायचं स्वर्गात? शामराव, पंगतीत दोघे शेजारी बसले आणि एकमेकांना विचारलं तर?"

यावर दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी माझी बायको सरोजिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "इंग्रजी तारीखही घाला हो. लोकांना बरं पडतं." मी तिला सांगितले की इंग्रज जाऊन चार वर्षे झाली आणि अप्पासाहेबांनी जन्मात इंग्रजी तारीख मानली नाही. तिने कपबश्या उचलल्या आणि 'बघा बाई' असे म्हणून गेली. तिचे 'बघा बाई' हे नेहमी नंतर फार महाग पडते.

तारीख नाही तरी वार होता. 'शुक्रवार' असा ठसठशीत शब्द होता. पण खाली 'विनीत' म्हणून घरच्यांची नावे घालायची होती. देवासच्या आत्याबाईंच्या जावयाचे नाव राहिले, मग उज्जैनच्या चुलत्यांचे राहिले, मग ज्यांची घातली त्यांच्या भावांची घालावी लागली. छापखानेवाला म्हणाला, "बाबूजी, एक लाइन काटनी पड़ेगी." जावई काटता येत नव्हते. आम्ही शुक्रवार काटला.

राहिला मजकूर. मी 'वद्य' काढून 'वदी' केले, 'आपण यावे' काढून 'पधारने की कृपा करें' केले. माझ्या हिंदीत मराठीचा एक दाणाही राहू नये अशी मी शपथ घेतली होती. 'माघ' मात्र दोन्हीकडे माघच, म्हणून त्याला हात लावला नाही. सव्वाशे पत्रिका बर्तन बाजार, सियागंज, बेटमा, सांवेर अशा वाटल्या, आणि मी पुढच्या महिन्याच्या तयारीसाठी विश्रांती घेतली.

संक्रांत झाली. दोन दिवसांनी, बुधवारी, मी कचेरीला जायचे म्हणून दाढी करत होतो, तोच दार वाजले. बाहेर भेरूलालजी उभे होते. हे अप्पासाहेबांच्या जोडीचे हलवाई, तीस वर्षे एकाच धुरात उभे राहिलेले. मागे त्यांची चार माणसे, खांद्यावर झारे.

"जै गोपाल, भिया. भट्टी किधर खोदनी है?"

"कसली भट्टी?"

"अरे, आज पंचमी है नी! कारड भी तो आपने ही भेजा." आणि त्यांनी माझीच पत्रिका माझ्यासमोर धरली. 'माघ वदी पंचमी.'

"पण भेरूलालजी, आज तर पौष वद्य..." असे म्हणता म्हणता माझे बोट पत्रिकेतल्या 'वदी'वर जाऊन थांबले.

जे वाचक इंदूरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो. माळव्यातल्या हिंदी माणसाचा पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात सगळे एका महिन्यात राहतात, पण पौर्णिमा उलटली की ते एक महिना पुढे निघून जातात. आपला पौष वद्य तो त्यांचा माघ वदी. इंदूरच्या मराठी मुलाला हे मुंजीच्या आधी माहीत असते. मलाही माहीत होते. पण त्या पाच संध्याकाळी मी व्याकरणात होतो.

गालावरचा साबण पुसून बघतो तो रस्त्यावर टांगे, सायकली आणि सांवेरच्या दोन बैलगाड्या. बेटम्याची माणसे मोटारीने येऊन पायी वळत होती. सगळे गंभीर चेहऱ्याने, डोक्याला पागोटी, हातात नारळ.

भिंतीवरून उदयसिंहराव म्हणाले, "परत पाठवा. सांगा, तुम्ही चुकलात."

"पण चूक माझी आहे."

"म्हणून तर त्यांना सांगायचं. हल्ला आपण आधी करावा."

सरोजिनी फक्त एवढेच म्हणाली, "परीक्षेत पहिले आला होतात ना?"

मी ओट्यावर उभा राहिलो आणि माझ्या शुद्ध हिंदीत जमावाला अमान्त आणि पूर्णिमान्त मासांतला भेद समजावला. भाषण चांगले झाले. ते संपल्यावर बेटम्याचे एक वृद्ध शेठ पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "यानी अप्पासाब आज नी गुजरे?"

"गुजरे. म्हणजे आज नाही. एक महिने बाद."

शेठजींनी शेजारच्याकडे पाहिले. "बाबूजी बोल रिया है, अभी गुजरना बाकी है."

मागे कुजबूज सुरू झाली. कुणीतरी म्हणाले की घरच्यांना तिथीच आठवत नाही, साल भरले नाही तोच विसरले. ते मात्र मला लागले. ज्या घराच्या कर्त्याला लोक विसरले असतील या भीतीने काकू महिनाभर झोपल्या नव्हत्या, त्या घरानेच त्यांना विसरल्याचा बोभाटा बाजारात होणार होता, आणि तोही माझ्या सहीने. मला ओट्यावरून उतरून ग्वाल्हेरला जावेसे वाटले.

तेवढ्यात मागून काकू आल्या. पदर सावरत त्यांनी अंगणाकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले.

"किती आलेत रे?"

"शंभराच्या वर असतील. काकू, माझी चूक झाली. हे सगळे एक महिना आधीच..."

"सगळे ह्यांच्यासाठी?"

"हो."

"मग उभे का ठेवलेस?" त्या म्हणाल्या. "आलेल्या माणसाला कुणी तिथी विचारतं का? सतरंज्या घाल."

घरात साखर नव्हती, ती ग्वाल्हेरला होती. भेरूलालजींनी स्वयंपाकघरात डोकावून सगळ्याचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "फिकर नी. दाल-बाफले बना लेंगे. संक्रांत का गुड़ है नी? चूरमा गुड़ का." हरी दुकानातून हातगाडीवर पातेली घेऊन आला. कणीक शेजारच्या पाच घरांतून आली, गोवऱ्या उदयसिंहरावांच्या परसातून, त्यांच्या परवानगीच्या आधी. बाफले आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे. म्हणजे शंभर माणसांचे चार तासांचे काम. आणि चार तास शंभर माणसे नुसती बसली, की बोलतात.

काकू दाराच्या आत, उंबऱ्याशी बसल्या. बाहेर अंगणात शेठ लोक.

बेटम्याच्या शेठजींनी सुरुवात केली. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात वरात दुप्पट आली. डाळ पुरणार नव्हती, आणि हे फक्त अप्पासाहेबांच्या ध्यानात आले. त्यांनी एकदम आरडाओरड केली की माझी एक मोठी पळी चोरीला गेली, ती सापडेपर्यंत कुणी पानावर बसायचे नाही. सगळी वरात, नवरदेवाच्या मामांसकट, पळी शोधत गावभर फिरली. तेवढ्यात भेरूलालजींनी मागे आणखी एक पातेले डाळ उतरवली.

"और पली?" कुणीतरी विचारले.

"पली उनकेच कोट में थी," शेठजी म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "मेरी इज्जत रख ली, और ऊपर से हमीं पे चिल्लाते रहे."

सांवेरचा एक पाटील म्हणाला की पुऱ्या लाटता लाटता बायका पेंगू लागल्या की अप्पासाहेब परातीवर ठेका धरून बायकांची गाणी म्हणत, आणि आवाज असा काढत की पेंगणाऱ्या बायका हसून हसून जाग्या होत.

"हे? गायचे?" आतून काकूंचा आवाज आला. सगळे दचकले. हरीने पातेले खाली ठेवले आणि तोही ऐकत उभा राहिला. त्याला तरी कुठे माहीत होते.

मग भेरूलालजी झारा टेकवून म्हणाले, "भाभीजी, एक बात तो हम सबको याद है. तीस साल में जिस शादी में भी दाल चखी, एकच बात बोले. 'अच्छी है भेरू, पर हमारी द्वारका की आमटी खाओगे तो ये भूल जाओगे.' हर शादी में. हम तो तंग आ गए थे."

अंगणात हशा पिकला. चाळीस वर्षांत अप्पासाहेबांनी घरात काकूंचे नाव एकदाही घेतले नव्हते; 'अहो', 'ऐकलं का', नाहीतर नुसता खाकरा. आणि बाहेर अख्ख्या जिल्ह्यातल्या हलवायांना ते नाव पाठ होते. काकूंनी पदर तोंडावर घेतला. मीही दुसरीकडे पाहिले. मला फार बरे वाटले, आणि ते माझ्या चुकीमुळे घडले याचे मी कुणाला विस्मरण होऊ देणार नव्हतो.

निघताना भेरूलालजी उंबऱ्यापाशी घुटमळले. "भाभीजी, वो आमटी..."

"महिन्याने या," काकू म्हणाल्या. "आमच्या तिथीला."

मधल्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली, ग्वाल्हेरहून परमिट आले: 'श्री अप्पासाहेब एवं सौ. द्वारकाबाई के शुभ विवाह हेतु, शक्कर एक मन.' मी ते लपवणार होतो, पण काकूंनी माझ्या हातातून घेतले, दोनदा वाचले आणि देवापाशी ठेवून दिले. दुसरी, मी कचेरीत पुन्हा रजा मागितली. आमचे साहेब अर्ज पाहून म्हणाले, "शामरावजी, चाचाजी का वार्षिक श्राद्ध तो पिछले महीने हो गया था?" मी त्यांना अमान्त आणि पूर्णिमान्त समजावू लागलो. त्यांनी सही करून टाकली.

माघ वद्य पंचमीला, खऱ्या शुक्रवारी, भटजींनी विधी केले. मराठी पाहुणे आले, जावई आले, ज्यांची नावे छापली होती ते सगळे आले. आणि साडेदहाला रस्त्यावर पुन्हा तेच टांगे, त्याच बैलगाड्या. "उस दिन हमारी पंचमी थी," बेटम्याचे शेठजी म्हणाले, "आज आपकी है."

काकू पहाटेपासून चुलीपाशी होत्या. भेरूलालजींना त्यांनी स्वयंपाकात पाऊलही टाकू दिले नाही. दुकानातल्या सर्वांत मोठ्या पातेल्यात आमटी उकळत होती, आणि त्या पळी धरून उभ्या होत्या. सरकारी साखरेचे लाडू ताटांत होते, पण त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हते. पंगत बसली. काकू प्रथमच परक्या पुरुषांच्या पंगतीत स्वतः वाढायला आल्या.

भेरूलालजींनी आमटीचा द्रोण उचलला. सगळी पंगत थांबली. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक घेतला.

"झूठ बोलते थे अप्पासाब," ते म्हणाले.

काकूंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"कम बताते थे, भाभीजी. बहोत कम बताते थे."

काकू रडल्या आणि हसल्या, भर पंगतीत, कुणापासून काही न लपवता. मग सगळ्यांना दुसऱ्यांदा वाढले.

संध्याकाळी भांडी घासून हातगाडीवर चढवली जात होती. मी ओट्यावर बसलो होतो. काकू बाहेर येऊन शेजारी टेकल्या. आता चुकीबद्दल बोलणी खावी लागणार, हे मी ओळखले, आणि आधीच म्हणालो, "काकू, पुढच्या वर्षी हिंदी पत्रिका मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतो."

"नको," काकू म्हणाल्या. "तूच लिही. आणि तशीच लिही."